फलकावरचा शंभर टक्के आणि हजेरीपटावरची मुलं

वाचकांचे प्रश्न : माध्यमिक शाळांचा निकाल कसा वाचावा

दहावीचा निकाल लागला की चौकाचौकात शाळांचे फलक लागतात आणि त्यानंतर पालकांची पत्रं येऊ लागतात. यंदाच्या पत्रांतले बरेच प्रश्न सारखेच होते, म्हणून सारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं दिली आहेत.

आमच्या तालुक्याच्या गावात जिल्हा परिषदेची प्रशाला आहे आणि एका संस्थेचं अनुदानित हायस्कूल आहे. प्रशालेचा निकाल ९१ टक्के, हायस्कुलाचा १००. मुलगी आठवी पास होऊन नववीत जाणार आहे. शंभर टक्केवाल्या शाळेत घालावं असं घरचे सगळे म्हणतात. काय करावं?
— एक आई, हिंगोली जिल्हा

आधी फलकावरचा आकडा कसा निघतो ते पाहा. परीक्षेला बसलेल्यांपैकी किती पास झाले, एवढंच त्यातून कळतं. परीक्षेपर्यंत किती पोहोचले ते त्यात नसतं. नववीत नापास करून घरी बसवलेला मुलगा, दाखला देऊन दुसरीकडे धाडलेली मुलगी, १७ नंबरचा (खासगी विद्यार्थ्याचा) फॉर्म भरायला लावलेले दोघे-चौघे यांची त्या टक्केवारीत नोंदच होत नाही.

समजा हायस्कुलात नववीला ६२ मुलं होती. पुढच्या वर्षी दहावीच्या पटावर ४४ उरली, त्यांपैकी ४३ परीक्षेला बसली आणि सगळी पास झाली. निकाल १०० टक्के. प्रशालेत नववीला ७१, दहावीला ६९, बसले ६८, पास ६२. निकाल ९१.१८ टक्के. आता भागाकार नववीच्या पटाने करा. हायस्कुलातून ६२ पैकी ४३ म्हणजे ६९ टक्के मुलं पार पडली, प्रशालेतून ७१ पैकी ६२ म्हणजे ८७ टक्के. हे आकडे हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत, तुमच्या गावचे नव्हेत. पण कोणत्याही शाळेचे खरे आकडे मिळाले की हाच हिशेब करायचा.

नववी-दहावीत कमी झालेलं प्रत्येक मूल शाळेने गाळलेलंच असतं, असंही नाही. ऊसतोडीला गेलेलं कुटुंब, बदली झालेले वडील, आश्रमशाळेत मिळालेला प्रवेश, काही वेळा मुलीचं लग्न, अशी कारणं असतात. म्हणून एका वर्षावरून मत बनवू नका. तीन वर्षांची बेरीज घ्या. दरवर्षी नववी ते दहावीच्या मधेच पाव पट गळत असेल, तर तो योगायोग नसतो. लहान शाळेच्या बाबतीत तर तीन वर्षांशिवाय बोलूच नये. बारा मुलांच्या वर्गात एक नापास झालं की निकाल ९१.६७ वर येतो, आणि पुढच्या वर्षी कुणीच नापास झालं नाही की तीच शाळा ‘शंभर टक्के’ ठरते.

यापुढे फलकावर दुसरं काय शोधायचं, तर श्रेणीनिहाय संख्या. ७५ टक्के आणि वर म्हणजे विशेष प्रावीण्य, ६० च्या वर प्रथम श्रेणी, ४५ च्या वर द्वितीय, आणि ३५ पासून ४५ पर्यंत नुसते पास. शाळेकडे मंडळाकडून आलेल्या निकालपत्रकात ही विभागणी असते. दोन शाळांचा निकाल सारखाच ९५ असेल, पण एकीत निम्मी मुलं शेवटच्या श्रेणीत असतील आणि दुसरीत पाचसहाच, तर त्या दोन शाळा सारख्या नव्हेत.

२०१९ साली आमच्या शाळेचा निकाल एकदम घसरला, पुढच्या वर्षी तितकाच वर गेला. मुख्याध्यापकही तेच, शिक्षकही तेच. एका वर्षात असं काय घडलं?
— शाळा व्यवस्थापन समितीचे एक सदस्य, सातारा जिल्हा

हे तुमच्या शाळेपुरतं नव्हतं, राज्यभर झालं. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ ला ८९.४१ टक्के होता. २०१९ ला तो ७७.१० वर आला आणि २०२० ला ९५.३० वर गेला. त्या दोन वर्षांत मुलं आधी मठ्ठ आणि मग हुशार झाली नाहीत. बदलली होती ती गुणांची रचना. २०१९ च्या परीक्षेत भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत २० गुण काढून टाकले होते आणि या विषयांचा पेपर पूर्ण १०० गुणांचा झाला होता. गणित आणि विज्ञानाचे २० गुण तसेच राहिले. पाठ्यपुस्तकंही त्याच वर्षी नवी आली होती. निकाल लागल्यावर ओरड झाली, अकरावीच्या प्रवेशात आपली मुलं सीबीएसई-आयसीएसईच्या मुलांपुढे मागे पडली अशी तक्रार झाली, आणि ८०-२० ची पद्धत परत आली. शंभर टक्के गुण मिळवणारी मुलं २०१९ ला राज्यात २० होती, पुढच्या वर्षी २४२ झाली.

गणित सोपं आहे. अंतर्गत २० पैकी २० पडले तर ३५ ची रेघ ओलांडायला लेखी ८० पैकी १५ गुण पुरतात. हे २० गुण शाळाच देते. म्हणून शाळेचं काम तपासताना मुख्याध्यापकांना विचारा की अंतर्गत गुणांची सरासरी किती आणि लेखीची किती. अंतर्गत गुणांची यादी शाळेनेच मंडळाला पाठवलेली असते, मंडळाने दिलेल्या एकूण गुणांतून ते वजा केले की लेखीचे गुण निघतात. वर्गातल्या सगळ्यांना १९ किंवा २० अंतर्गत गुण आहेत आणि लेखीत बरीचशी मुलं विशीत घोटाळत आहेत, असं दिसलं तर ती शाळा मुलांना पास करते, पण शिकवते असं म्हणता येणार नाही.

वर्षावर्षांची तुलना करताना मधली काही वर्षं वगळा. २०२० ला भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि त्याचे गुण सरासरीने दिले. २०२१ ला परीक्षाच झाली नाही. नववीचे आणि दहावीचे अंतर्गत गुण धरून निकाल लावला, तो ९९.९५ टक्के. २०२२ ला परीक्षा झाली, पण कमी केलेल्या अभ्यासक्रमावर आणि बहुतेकांना आपल्याच शाळेत, निकाल ९६.९४. त्यानंतर २०२३ ला ९३.८३, २०२४ ला ९५.८१ आणि २०२५ ला ९४.१०. म्हणजे शाळेचा निकाल ‘दहा वर्षांत ७० वरून ९५ वर नेला’ असं कुणी सांगितलं की पहिला प्रश्न विचारायचा : राज्याचा त्या दोन वर्षांत किती होता? शाळेच्या आकड्यातून त्याच वर्षीचा जिल्ह्याचा आकडा वजा करा. उरेल तेवढ्यावरच शाळेचा हक्क.

आमचा विभाग लातूर. शंभर टक्के गुणवाले राज्यात सर्वांत जास्त आमच्याकडे. तरी निकालात विभाग खालून दुसरा, हे कसं?
— एक निवृत्त शिक्षक, नांदेड

२०२५ ला राज्यात २११ मुलांना १०० टक्के गुण मिळाले, त्यांपैकी ११३ एकट्या लातूर विभागातली, म्हणजे लातूर, नांदेड आणि धाराशिव या तीन जिल्ह्यांतली. त्याच वर्षी विभागाचा निकाल ९२.७७ टक्के, नऊ विभागांत आठवा. त्याखाली फक्त नागपूर, ९०.७८. कोकण ९८.८२ घेऊन पहिला.

यात विसंगती काही नाही. वरचं टोक एका प्रकारच्या शाळा-शिकवण्यांनी घडवलेलं असतं, खालचं टोक दुसऱ्याच शाळांत असतं. वेगवेगळ्या गावांतून हुशार मुलं गोळा करणारी, वसतिगृह असलेली शाळा शंभरवाली दहा मुलं देईल. त्याने डोंगराकडच्या वाडीतल्या हायस्कुलाचं गणित सुधारत नाही. शिवाय १०० टक्के म्हणजे सहाही विषयांत पैकीच्या पैकी असं नव्हे. सहापैकी सर्वोत्तम पाच विषय धरतात, आणि खेळाचे किंवा चित्रकलेच्या परीक्षेचे वाढीव गुण त्यात मिळतात. इंटरमिजिएट चित्रकलेला ‘अ’ श्रेणी असेल तर ७ गुण.

कोकणाचं कौतुक योग्यच, पण तो विभाग रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोनच जिल्ह्यांचा आहे, हेही ध्यानात असू द्या. पुणे किंवा मुंबई विभागाशी त्याची सरळ तुलना करणं म्हणजे एका आळीची गावाशी तुलना.

नववीचा निकाल लागला. मुलगा गणितात कच्चा आहे. शाळेतून सुचवलं गेलं की दाखला काढून घ्या आणि १७ नंबरचा फॉर्म भरा, ‘त्याचं वर्ष वाचेल’. ऐकावं का?
— एक वडील, जालना जिल्हा

घाईने दाखला काढू नका. दाखला हातात आला की तुमचा मुलगा त्या शाळेचा राहत नाही, आणि मग शाळेला कुठलंच उत्तर द्यावं लागत नाही.

१७ नंबरचा फॉर्म खासगी विद्यार्थ्यांसाठी असतो. शाळा सुटलेली, कामाला लागलेली, वय उलटून गेलेली मुलं-माणसं त्यातून दहावी करतात, आणि त्यांच्यासाठी ती सोय चांगलीच आहे. रोज शाळेत येणाऱ्या मुलासाठी ती नाही. खासगी विद्यार्थ्याला वर्ग नाहीत, रोजचे शिक्षक नाहीत. नेमून दिलेल्या शाळेत जाऊन प्रात्यक्षिक, तोंडी, स्वाध्याय तेवढे पूर्ण करायचे. गणितात कच्च्या मुलाला गणिताच्या शिक्षकापासून तोडून गणित पक्कं होईल, हा तर्क कुणालाच पटणार नाही.

आकडेही पाहा. २०२५ ला नियमित मुलांचा निकाल ९४.१० टक्के होता. खासगी २८,०२० बसले, २२,५१८ पास झाले, म्हणजे ८०.३६ टक्के. एकदा नापास होऊन पुन्हा बसणाऱ्यांचा तर ३९.४४ टक्केच. २३,९५४ पैकी ९,४४८. हे तिन्ही निकाल मंडळ वेगवेगळे जाहीर करतं, आणि फलकावर येतो तो पहिलाच. शाळेला १७ नंबरचा मोह का पडतो, याचं उत्तर इथे आहे.

मुलगा नववी पास असेल तर दहावीचा प्रवेश आणि बोर्डाचा फॉर्म नाकारण्याचं कारण शाळेकडे नाही. एकच खरी अडचण येऊ शकते ती हजेरीची. नियमित विद्यार्थी म्हणून बसायला ७५ टक्के उपस्थिती लागते, ती आजपासून सांभाळा. नववी नापास असेल तर गुणपत्रक मागून घ्या, कोणत्या विषयात किती कमी पडले ते पाहा, फेरपरीक्षेबद्दल विचारा. नाहीच जमलं, तर त्याच शाळेत नववी पुन्हा करण्याचाही विचार करा. एक वर्ष गेलं हे खरं, पण वर्ग आणि शिक्षक टिकतात.

तोंडी सांगितलेलं तोंडीच राहतं. म्हणून मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज द्या : ‘माझ्या पाल्यास दहावीत नियमित विद्यार्थी म्हणून प्रवेश द्यावा, देता येत नसल्यास कारण लेखी कळवावे.’ दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. बहुतेक ठिकाणी विषय इथेच मिटतो, कारण लेखी कारण द्यायला कुणी तयार होत नाही. नाही मिटला तर तीच प्रत जोडून जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे जा.

आणि दहावीत एखाद-दुसरा विषय राहिला तरी आकाश कोसळत नाही. पुरवणी परीक्षा लगेच जून-जुलैत असते, आणि एक किंवा दोन विषय राहिले तर एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवण्याच्या अटीवर, अकरावीला प्रवेश मिळतो. शाळेच्या टक्केवारीत मात्र तो मुलगा नापासच मोजला जातो. तुमचं आणि शाळेचं हित इथे वेगळं होतं, एवढं ओळखून निर्णय घ्या.

पटाचे आकडे शाळा देत नाही. बाहेरून कसे मिळवायचे?
— अनेक वाचक

दोन वाटा आहेत. पहिली फुकट. प्रत्येक शाळेला सरकारी नोंदीतला ११ अंकी यू-डायस क्रमांक असतो. पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्र २७), पुढचे दोन जिल्ह्याचे, मग दोन तालुक्याचे, तीन गावाचे किंवा प्रभागाचे, शेवटचे दोन शाळेचे. शाळेच्या पाटीवर किंवा मुलाच्या गुणपत्रकावर तो बहुतेक वेळा सापडतो. यू-डायस प्लसच्या संकेतस्थळावर ‘नो युवर स्कूल’ या भागात तो टाकला की शाळेचं पत्रक उघडतं : इयत्तावार पट, शिक्षक किती, स्वच्छतागृहं, प्रयोगशाळा, ग्रंथालय. एका वर्षाची नववी आणि त्याच्या पुढच्या वर्षाची दहावी शेजारी लिहा. चूक होते ती इथेच. लोक एकाच वर्षाच्या नववी-दहावीची तुलना करतात, आणि ती वेगवेगळी मुलं असतात. माहिती साधारण वर्षभर मागे असते. प्रयोगशाळेपुढे ‘आहे’ लिहिलेलं असलं तरी ते शाळेनेच भरलेलं असतं, हे विसरू नका.

दुसरी वाट माहिती अधिकाराची. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तोही नाही. महाराष्ट्राच्या नियमानुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो. पाल्हाळ लावलं की अर्ज परत येण्याचा धोका. मजकूर एवढाच पुरे :

‘अमुक शाळा, यू-डायस क्र. ---. मागील तीन शैक्षणिक वर्षांसाठी वर्षनिहाय माहिती द्यावी : (१) ३० सप्टेंबर रोजी इयत्ता नववी व दहावीचा पट, (२) दहावीस नियमित म्हणून प्रविष्ट व उत्तीर्ण विद्यार्थ्यांची संख्या, श्रेणीनिहाय, (३) नववीनंतर शाळा सोडल्याचे दाखले दिलेल्या विद्यार्थ्यांची संख्या, (४) मंजूर, कार्यरत व रिक्त शिक्षकपदे, विषयनिहाय.’

मुलांची नावं मागू नका. ती वैयक्तिक माहिती आहे, त्या एका कारणावरून सगळा अर्ज अडकतो. जन माहिती अधिकारी, शिक्षणाधिकारी (माध्यमिक) कार्यालय, जिल्हा परिषद, या पत्त्यावर अर्ज द्या. उत्तराची मुदत ३० दिवस, प्रतींना पानाला २ रुपये. उत्तर आलं नाही तर पहिलं अपील.

जिल्हा परिषदेच्या प्रशालेत सेमी इंग्रजीच्या तुकडीचा निकाल मराठी तुकडीपेक्षा नेहमी जास्त लागतो. म्हणजे सेमी चांगलं?
— एक पालक, परभणी

तुकड्या कशा पाडल्या ते आधी विचारा. बऱ्याच शाळांत आठवीच्या गुणांवरून वरची मुलं सेमीच्या ‘अ’ तुकडीत जातात, उरलेली ‘ब’ आणि ‘क’ मध्ये. मग निकालातला फरक माध्यमाचा नसतो, निवडीचा असतो. नवोदय विद्यालयाचंही तेच. तिथे सहावीच्या प्रवेशासाठी परीक्षा घेऊन जिल्ह्यातून ८० मुलं घेतात, आणि गावचं हायस्कूल दारात येईल त्याला घेतं. दोघांच्या निकालाची तुलना केली तर हायस्कुलावर अन्याय होतो.

राष्ट्रीय सर्वेक्षणात आमच्या जिल्ह्याचा क्रमांक चांगला आला. त्यावरून शाळा निवडता येईल?
— धुळ्याचे एक वाचक

नाही. ४ डिसेंबर २०२४ ला झालेलं ‘परख’ सर्वेक्षण तिसरी, सहावी आणि नववीच्या निवडक वर्गांचं होतं. ते जिल्ह्याबद्दल बोलतं, तुमच्या गावच्या शाळेबद्दल नाही.

सरकारी आणि अनुदानित शाळांची आपसात तुलना करायला दहावीशिवाय दुसरी फूटपट्टी आहे का?
— एक शिक्षिका, यवतमाळ जिल्हा

आहे, आणि ती फारशी कुणी वापरत नाही : आठवीची एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा. ती सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठीच आहे. केंद्रीय विद्यालय, नवोदय, विनाअनुदानित शाळा यात नाहीत, त्यामुळे तुलना बरोबरीच्यांची होते. पालकांचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत हवं. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता असे ९०-९० प्रश्नांचे दोन पेपर असतात, आणि निवड झालेल्या मुलाला नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात.

शाळेत जाऊन तीन आकडे विचारा : आठवीचा पट, परीक्षेला बसवलेली मुलं, पात्र झालेली मुलं. पट ६० आणि बसवलेली ५, असं असेल तर शाळेने आधीच हात वर केले आहेत. पट ६० आणि बसवलेली ४०, त्यातली चारच पात्र झाली, तरी त्या शाळेत कुणीतरी जादा तास घेतंय हे नक्की. (पात्र मुलांचे पैसे बुडतात ते बहुतेकदा राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर दरवर्षी करायचं नूतनीकरण राहिल्याने, किंवा आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव जुळत नसल्याने. नववीत विनाअनुदानित शाळेत गेलं तरीही शिष्यवृत्ती थांबते.)

आकडे नको, शाळेत प्रत्यक्ष गेल्यावर काय पाहावं ते सांगा.
— एक आजोबा, वाई

जूनमध्ये जाऊ नका, तेव्हा सगळ्याच शाळा चकाचक असतात. ऑगस्टमधल्या एखाद्या कामाच्या दिवशी दुपारच्या सुट्टीनंतर जा. नववी-दहावीचं वेळापत्रक भिंतीवर असतं. त्यात गणित आणि विज्ञानाच्या तासांपुढे कुणाचं नाव आहे, ते कायम आहेत की तासिका तत्त्वावर, कधी रुजू झाले, हे विचारा. प्रशालांचा खरा घात रिक्त पदांनी होतो. पवित्र या सरकारी पोर्टलवरून शिक्षकभरती होईपर्यंत गणिताचा तास मराठीच्या शिक्षकांकडे असतो, आणि त्याचा परिणाम निकालात दोन वर्षांनी दिसतो. म्हणजे आज दिसणारा निकाल आजच्या शिक्षकांचा नसतोच.

मग दहावीच्या दोन मुलांच्या विज्ञानाच्या प्रयोगवह्या मागा. दोन्हींत निरीक्षणाचे आकडे दशांशापर्यंत सारखे असतील तर प्रयोग फळ्यावरच झाला आहे. आणि जमलं तर नववीच्या एखाद्या मुलाला तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला सांगा, ९४७ भागिले ४. १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलांची २०२३ ची ‘असर’ पाहणी झाली, तेव्हा असा भागाकार निम्म्याहून कमी मुलांना आला होता. एकाला नाही आला तर शाळेला नाव ठेवू नका. वर्गातल्या पाचांपैकी चौघांना नाही आला, तर बाहेरच्या फलकावर काय लिहिलंय ते पुन्हा वाचायची गरज नाही.